ग्लायडरच्या रिसीव्हरला किती व्होल्टची बॅटरी? ४.८, ६, ६.६ की ७.४

घारपंखी, ठाणे | सोम, १२ जानेवारी २०२६, रात्री १०:१४

नमस्कार मंडळी,

काल सकाळी मुरबाडच्या पुढे, भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत माझा रिमोटवर उडणारा, दोन मीटरचा, बाल्साच्या हलक्या लाकडाचा ग्लायडर (बिनमोटरचं मॉडेल विमान) पडला. सात महिने रोज रात्री जेवणं उरकली की टेबल पुसून त्यावर बांधत होतो. मन अजून जागेवर नाही, पण कारण कळल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही असं ठरवलंय. म्हणून हा धागा.

झालं ते असं. हाय-स्टार्टने, म्हणजे खुंट्याला बांधून ताणलेल्या रबरी दोरीने, वर चढवला. साडेदहाला ऊन तापलं होतं, दोन घारी पंख न हलवता गोल फिरत होत्या, त्यांच्या खाली शिरलो आणि अकरा मिनिटं वर राहिलो. उतरताना, साधारण दोन मजल्यांच्या उंचीवर असताना ब्रेक लावले, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या फळ्यांपैकी आतल्या दोन्ही (फ्लॅप) खाली, टोकाकडच्या दोन्ही (एलेरॉन) वर आणि तोल सांभाळायला शेपटीची फळी (एलेव्हेटर) थोडी खाली. या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी, म्हणजे पाच सर्व्हो, एकदम हलले आणि अर्ध्यावर थिजले. मी रिमोटची काडी ओढतोय, विमान ऐकत नाही. दोन-अडीच सेकंदांनी सगळे सर्व्हो पुन्हा हलले, पण तोवर नाक वालाच्या रोपांत घुसलं होतं. शेताचे मालक धावत आले आणि आधी “कुणाला लागलं तर नाही ना?” एवढंच विचारलं.

माहिती देतो. बॅटरी चार सेलची एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड), ४.८ व्होल्ट, एएए आकाराचे ७५० एमएएचचे सेल, दोन वर्षं जुनी. सर्व्हो सहा, छोटे, मेटल गिअरचे डिजिटल, लेबलवर ४.८ ते ६ व्होल्ट. रिसीव्हर, म्हणजे विमानात बसून रिमोटचे हुकूम घेणारा भाग, ४ ते १० व्होल्ट चालतो असं त्याच्या कागदावर आहे. मोटर नाही, त्यामुळे स्पीड कंट्रोलरमधून येणारा पुरवठा वगैरे काही नाही. आणि कोडं हे, की पडल्यावर लगेच मीटर लावला तर बॅटरी ४.९९ व्होल्ट दाखवत होती. मग रिसीव्हर बंद का पडला? आता ६ वर जाऊ, ६.६ वर, की ७.४ वर? दुकानात सांगितलं ७.४ घ्या, ताकद वाढेल.

---

ऐरोलीकर | सोम, १२ जानेवारी, रात्री १०:४०

वाचून वाईट वाटलं. रेंज टेस्ट केली होती का? अँटेना कार्बनच्या नळीला चिकटून तर नव्हती?

आणि मुरबाडला जायचं कारण? खारघरच्या बाजूला जायचा ना तू?

---

घारपंखी | सोम, १२ जानेवारी, रात्री १०:५२

दादा, रेंज टेस्ट दर वेळी करतो, कमी पॉवरवर तीस पावलं. धड लाकडाचं आहे, कार्बन नाही.

खारघर सोडलं. डिसेंबरमध्ये नवी मुंबई विमानतळावरून विमानं सुरू झाली. मी आता डिजिटल स्कायचा, म्हणजे कुठे उडवता येईल ते दाखवणारा सरकारी, नकाशा बघितल्याशिवाय घरातून निघतच नाही. मुरबाडला मोकळं आकाश आहे आणि शेतकरी ओळखीचे आहेत.

---

डाखकाम, कळवा | मंगळ, १३ जानेवारी, सकाळी ६:३०

घारपंखी, विमान पडल्याचं दुःख मला ठाऊक आहे. पण तू पडल्यावर लगेच मीटर लावलास आणि आकडा लिहून ठेवलास, ते फार बरं केलंस. त्या ४.९९ मध्येच उत्तर आहे.

ते ४.९९ म्हणजे काही ओढत नसताना बॅटरीने दाखवलेला आकडा. रिसीव्हरला कामाचा आकडा वेगळा. पाच सर्व्हो एकदम हलायला लागतात त्या क्षणी रिसीव्हरच्या पिनेवर किती व्होल्ट उरतात, तो. माणूस उभा असताना नाडी मोजायची आणि जिना चढायला तो फिट आहे म्हणायचं, यात अर्थ नाही.

गणित करू. सर्व्होची मोटर थांबलेल्या स्थितीतून सुटते तेव्हा क्षणभर ती जवळजवळ अडकलेल्या मोटरइतका करंट ओढते. तुझ्या आकाराच्या सर्व्होला तो ०.८ ॲम्पिअरच्या आसपास धर. पाच सर्व्हो, ४ ॲम्पिअर. आता एएए सेल. दोन वर्षं वापरलेल्या सेलचा अंतर्गत रोध ६० मिलिओहम सहज असतो. चार सेल, २४०. त्यात स्विच, कनेक्टर आणि बारीक तारा मिळून १५० धर. एकूण ०.३९ ओहम. त्याला ४ ॲम्पिअरने गुणलं की १.५६ व्होल्ट वाटेतच गेले. ४.९९ मधून वजा कर, ३.४३ उरतात. तुझ्या रिसीव्हरची खालची मर्यादा ४. तो बंद पडणारच होता.

याला ब्राऊनआउट म्हणतात. जुने ३५ आणि ७२ मेगाहर्ट्झचे साधे रिसीव्हर व्होल्टेज परत आलं की त्याच क्षणी चालू व्हायचे, त्यामुळे एखादा झटका दिसला तरी विमान वाचायचं. २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरमध्ये प्रोसेसर आहे. तो पुन्हा उठणार, ट्रान्समीटर (हातातला रिमोट) शोधणार, मग हालचाल. तुझी दोन-अडीच सेकंदं तिथे गेली. आणि विमान पडेपर्यंत भार सुटलेला, म्हणून मीटरवर पुन्हा ४.९९.

तेव्हा ४.८, ६, ६.६, ७.४ हे ठरवायच्या आधी दोन आकडे लिहून ठेव. वरची हद्द सर्व्होची, तुझ्या बाबतीत ६. खालची हद्द रिसीव्हरची, ४. भारात आणि बिनभारात, दोन्ही वेळी या दोन भिंतींच्या मध्ये राहील ती बॅटरी तुझी. ताकद वाढेल म्हणून ७.४ थेट लावलीस तर पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट त्या ६ च्या सर्व्होंवर जातील. एखादा उतरतानाच जळेल.

एक काम कर. त्या बॅटरीची काळी तार सेलपाशी थोडी सोल आणि आतलं तांबं कसं दिसतंय ते सांग.

---

बाल्सावेडा, वाशी | मंगळ, १३ जानेवारी, दुपारी १:०५

काकांशी सहमत, पण ७.४ ला एवढं नाकारू नका. मी चार वर्षं दोन सेलची लिथियम-आयन वापरतोय, १८६५० आकाराची, आणि सगळे सर्व्हो हाय-व्होल्टेज, ८.४ पर्यंत चालणारे. मध्ये रेग्युलेटर नाही, काही नाही. या सेलचा अंतर्गत रोध कमी, करंट भरपूर देतात आणि महिनाभर कपाटात पडले तरी चार्ज टिकतो. एनआयएमएच आदल्या रात्री भरायचं विसरलो तर रविवार गेला.

नवीन विमान बांधत असशील तर सर्व्होच एचव्ही घे. सहा जुने सर्व्हो असतील तर मग ६ व्होल्टचा स्विचिंग बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारं सर्किट, लाव, ५ ॲम्पिअरचा तरी.

---

डाखकाम | मंगळ, १३ जानेवारी, संध्याकाळी ७:४८

बाल्सावेडा, नवीन विमानासाठी तुझी पद्धत उत्तम. पण घारपंखीकडे सहा चांगले सर्व्हो आहेत, पंखात चिकटवलेले. ते फोडून काढायला सांगणं मला जड जातं.

बीईसीबद्दल माझा आक्षेप आहे आणि तो मनापासून आहे. मोटर असलेल्या विमानात तो लागतोच, कारण मोटरची बॅटरी एकच. बिनमोटरच्या ग्लायडरमध्ये आधी ७.४ बसवायची आणि मग ती ६ करायला आणखी एक सर्किट, दोन कनेक्टर, चार डाख जोडायचे. जोड वाढला की बिघडायची जागा वाढली. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट सांभाळली. तिथे बिघाड शोधायला निघालो की पहिला हात जोडांवर जायचा.

---

कोपरीचा_पतंग | मंगळ, १३ जानेवारी, रात्री ९:२०

काका, मी अकरावीत आहे. घरी ७८०५ आहे, ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर, शाळेच्या प्रोजेक्टमधला. ७.४ ची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) लावून ७८०५ ने ५ व्होल्ट केले तर? दोन सर्व्होचा फोमचा ग्लायडर आहे.

---

डाखकाम | बुध, १४ जानेवारी, सकाळी ६:४०

नको रे बाळा. ७८०५ ला आत येणारं व्होल्टेज बाहेरच्यापेक्षा सुमारे २ ने जास्त लागतं. म्हणजे आत किमान ७ हवेत. लायपो भारात ७ च्या खाली गेली की बाहेरचे ५ पण घसरायला लागतात, आणि ते उड्डाणाच्या शेवटी होतं, जेव्हा तू उतरवत असतोस. शिवाय तो गरम होतो. ८.४ वरून ५ आणताना १ ॲम्पिअरला ३.४ वॉट नुसती उष्णता, आणि फोमच्या नाकात हवा कुठून येणार?

दोन सर्व्होला चार सेलची ४.८ व्होल्टची एनआयएमएच उत्तम चालेल, फक्त सेल एए घे, एएए नको. आणि रिमोटच्या खेळण्यात येतो तो स्प्रिंगचा सेल-डबा विमानात घालू नकोस. आपटलं की सेल स्प्रिंगवरून क्षणभर सुटतो. टॅब लावून जोडलेलाच पॅक घे.

आज संक्रांत आहे. मांजा असेल त्या आकाशात ग्लायडर नेऊ नकोस.

---

रानवारा, नेरूळ | बुध, १४ जानेवारी, रात्री ११:१०

मी मॉडेल उडवत नाही, पण हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला खऱ्या ग्लायडरमध्ये बसून आले आहे, आणि हा धागा वाचताना तेच आठवलं. तिकडेही इंजिन नाही, म्हणजे अल्टरनेटर नाही. रेडिओ चालतो तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर. ऐकताना रेडिओ अगदी थोडा करंट घेतो, बोलायचं बटण दाबलं की कितीतरी पट. बॅटरी थकलेली असली तर ऐकू सगळं येतं, पण तुम्ही बोललात की आवाज तुटतो. म्हणून व्होल्टेज बघायचं ते बटण दाबून ठेवून. डाखकाम काका म्हणतात ते तंतोतंत तेच आहे, आकडे फक्त वेगळे.

तिथेही लोक शिशाच्या बॅटरीऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेट वापरायला लागलेत. चार सेलची १२.८ व्होल्ट होते, आणि शेवटपर्यंत फारशी उतरत नाही.

---

घारपंखी | शुक्र, १६ जानेवारी, रात्री १०:३५

काका, तार सोलली.

तांबं काळं पडलंय. नुसतं टोकाला नाही, सेलपासून तीन बोटं आतपर्यंत. लाल तार मात्र चकचकीत, नवी असावी तशी. काळी तार नखाने खरवडली तरी डाख धरत नव्हती. मीटरने त्या एका तारेचा रोध बघायला गेलो तर आकडा स्थिर राहीना. आणि स्विच हलवताना त्याचा रोधही कमीजास्त होतोय.

रानवारा ताई, बटण दाबून मोजण्याचं लक्षात ठेवलं. काल पंख जोडून बसलो, बॅटरी तीच, टेलिमेट्री (विमानातलं व्होल्टेज रिमोटवर दाखवणारी सोय) चालू केली, आणि बायकोला सांगितलं की फ्लॅप हाताने हलकेच धरून ठेव. ब्रेकचा स्विच टाकला. ट्रान्समीटरवर आधी ३.९ दिसले, मग टेलिमेट्रीच गेली. तिने विचारलं, “हे असंच झालं होतं का?” हो, असंच.

---

डाखकाम | शनि, १७ जानेवारी, सकाळी ६:१५

मी तुझ्या त्या तारेचीच वाट बघत होतो. निकेलच्या सेलमध्ये हा जुना रोग आहे. सेलमधून थोडा क्षार बाहेर झिरपतो आणि उणे बाजूच्या तारेतून इन्सुलेशनखालून पुढे सरकत जातो. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळाभर बॅटरी कपाटात पडली की आणखी लवकर. बाहेरून काही दिसत नाही. काळी पडलेली तार साफ करायची नसते, पूर्ण बदलायची. तीच तार स्विचपर्यंत गेली असेल तर स्विचही बदल.

आता व्होल्टेज. तुझ्या विमानाला दोनच पर्याय मला पटतात.

पहिला, पाच एए सेल, ६ व्होल्ट, एनेलूपसारखे कमी आपोआप उतरणारे. एए सेलचा रोध २५ मिलिओहमच्या आसपास, पाचांचे १२५. तारा जाड घेतल्यास, म्हणजे २२ गेज, आणि जोड कमी केलेस तर बाकी ५० मध्ये बसेल. ६ व्होल्टला सर्व्हो करंटही जास्त ओढतील, ४ चे ५ ॲम्पिअर धर. घसरण ०.८८. बॅटरी साडेसहावर असेल तर रिसीव्हरला ५.६ मिळतात. खालच्या भिंतीपासून दीड व्होल्ट वर, ही जागा मला पुरेशी वाटते.

यात एक सांभाळायचं. चार्जरवरून काढल्या काढल्या हा पॅक ७ च्या वर असतो, कारण प्रत्येक सेल १.४५ पर्यंत जातो. ते ६ च्या सर्व्होला नको. रात्री भर, सकाळी वापर, आणि उडवायच्या आधी पाच मिनिटं काड्या फिरव. साडेसहाच्या आसपास येऊन बसतो. लेबलवरच्या ६ चा अर्थ बहुतेक छोट्या सर्व्होंच्या बाबतीत पाच निकेल सेल असाच असतो, पण कोणताही सर्व्हो जागेवर थरथरताना किंवा गरम होताना दिसला तर तो पॅक त्याच्यासाठी नाही.

दुसरा, दोन सेलची लायफे (लिथियम आयर्न फॉस्फेट), ६.६ व्होल्ट. भारात घसरण फार कमी आणि शेवटपर्यंत सपाट. रानवारा म्हणाली तसंच. पण तुझ्या सर्व्होंच्या वरच्या भिंतीच्या ती पलीकडेच राहते, कायम. काही जण मध्ये एक साधा डायोड टाकतात, ०.७ व्होल्ट कमी होतात. पुन्हा एक जोड वाढला.

---

बाल्सावेडा | शनि, १७ जानेवारी, दुपारी १२:३०

लायफेबद्दल दोन गोष्टी, नंतर कुणी हा धागा वाचेल म्हणून. चार्जरवर लायफेचाच मोड निवडा. तिचा सेल ३.६ ला भरतो, लायपोचा ४.२ ला. चुकून लायपोच्या मोडवर लावलीत तर बॅटरी फुगेल. आणि लायफेचं व्होल्टेज बघून किती उरली ते कळत नाही, कारण ते सपाट असतं आणि शेवटी एकदम कोसळतं. दर उड्डाणानंतर किती एमएएच परत भरले तो आकडा लिहा, त्यावरून हिशेब ठेवा.

काका, बीईसीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. माझ्याकडेही तो एका मोटर ग्लायडरमध्येच आहे.

---

ऐरोलीकर | शनि, १७ जानेवारी, दुपारी ३:१५

रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलवर मोठा कपॅसिटर लावतात, ४७०० मायक्रोफॅरड. त्याने ब्राऊनआउट थांबत नाही का?

---

डाखकाम | शनि, १७ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

झटका अगदी छोटा असेल तर. ४७०० मायक्रोफॅरडमधून १ ॲम्पिअर काढलास तर दर मिलिसेकंदाला ०.२ व्होल्ट उतरतात. म्हणजे चार-पाच मिलिसेकंदांचा आधार. घारपंखीचे फ्लॅप खाली जायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतात. खराब तारेवर कपॅसिटर लावून समाधान मानू नका. चांगल्या पॅकवर लावला तर हरकत नाही.

आणि साध्या मीटरवर हा खड्डा दिसत नाही, तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. ज्यात सर्वात कमी नोंद धरून ठेवायची सोय आहे तो वापरा, किंवा टेलिमेट्रीत किमान व्होल्टेज बघा. तिथेही खरा खड्डा दिसतो त्याहून थोडा खोल असतो, हे गृहीत धरा.

---

घारपंखी | सोम, १९ जानेवारी, रात्री ११:००

ठरलं. पाच एए, ६ व्होल्ट.

वजनाची भीती होती, पण तराजू काढला आणि ती गेली. तोल साधायला नाकात शिसं भरलेलंच होतं. चार एएए पन्नास ग्रॅमचे, पाच एए एकशे पस्तीसचे. नाकातलं ८० ग्रॅम शिसं काढलं आणि गुरुत्वमध्य तिथेच राहिला. म्हणजे दोन वर्षं मी मेलेलं वजन उडवत होतो, त्याच वजनाची बॅटरी आत बसली असती.

धडाचं पुढचं टोक नवीन बाल्साने जोडलंय. तारा २२ गेज, डाख काकांच्या घरी जाऊन त्यांच्यासमोर दिले. स्विच काढूनच टाकला, त्याऐवजी कनेक्टर थेट जोडतो. काकूंनी तिळाच्या वड्या दिल्या, त्याबद्दल इथेही आभार.

---

रानवारा | मंगळ, २० जानेवारी, सकाळी ९:०५

उडवल्यावर आकडे टाक. वाट बघतेय.

---

घारपंखी | रवि, १ फेब्रुवारी, संध्याकाळी ८:४५

आज तीच खाचरं. आधी जमिनीवर, पंख जोडून, फ्लॅप धरून ब्रेकचा स्विच वीस वेळा टाकला. सर्वात कमी आकडा ५.७. मगच हाय-स्टार्ट ताणला.

चार उड्डाणं. चौथ्यात घारी आल्या. उतरताना त्याच उंचीवर, त्याच बांधावरून ब्रेक लावले. हात थरथरत होता, खरं सांगतो. फ्लॅप पूर्ण खाली आले, विमान हवेत थबकलं आणि माझ्यापासून पंधरा पावलांवर ढेकळांत टेकलं. टेलिमेट्रीतला दिवसभराचा किमान आकडा ५.६. काका, तुमच्या कागदावर ५.६ च लिहिलं होतं.

एकूण ५२ मिनिटं चालू, घरी आल्यावर ३१० एमएएच परत भरले. सेल २००० चे आहेत, म्हणजे एका रविवारला खूप झाले.

शेतमालक पुन्हा भेटले. गेल्या खेपेला मोडलेल्या वालाचे पैसे द्यायला गेलो तर घेईनात, ओंजळभर शेंगाच हातात दिल्या. रविवारी पुन्हा जातोय. हाय-स्टार्टचा खुंटा ठोकायला आणि दोरी धरायला आणखी एक माणूस लागेल. कोपरीचा पतंग, घरच्यांना विचार. सकाळी सातला ठाणे स्टेशनबाहेर गाडी उभी करतो.

---

कोपरीचा_पतंग | रवि, १ फेब्रुवारी, रात्री ९:०२

आई हो म्हणाली. माझा पण ग्लायडर आणू का दादा? चार एए लावलेत, टॅब लावून. ब्रेक नाहीत, पण दोन्ही सर्व्हो धरून मोजलं, सर्वात कमी ४.७.

---

डाखकाम | सोम, २ फेब्रुवारी, सकाळी ६:२०

आण. आणि मीटर पण आण, मी येतोय.